साल सुटण्याची वेळ

सकाळी सहा

डोळकाडी, म्हणजे कलमासाठी डोळे घ्यायची संत्र्याची काडी, सकाळी सहालाच काढायची. ऊन चढल्यावर तोडलेली काडी दुपारपर्यंत मलूल होते, आणि मलूल काडीवरचा डोळा कितीही नीट बांधला तरी धरत नाही. आमच्या नर्सरीतले मातृवृक्ष जाळीघरात आहेत. आत जाताना सिकेटर ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवायचं, चपला बाहेर काढायच्या, पहिलं दार लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. दारांचं हे सोवळं सायला आणि मावा या किडींसाठी. सायला ग्रीनिंग आणते, मावा ट्रिस्टेझा आणतो, आणि या दोन्ही रोगांतून झाड पूर्ण बरं करणारं औषध नाही. शेतकरी आमच्याकडून कलम नेतो तेव्हा पुढच्या वीस वर्षांचा भरवसा नेतो. रोगट झाडावरचा एक डोळा तो भरवसा मोडायला पुरेसा असतो.

ही झाडं नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या रोगमुक्त साहित्यावरून वाढवलेली आहेत. ती संस्था 1985 मध्ये सुरू झाली. रोगमुक्त झाड तयार करण्याची एक रीत मला वनस्पतिशास्त्र शिकताना जेवढी नवलाची वाटली होती तेवढीच आजही वाटते. विषाणू झाडभर फिरतात ते मुख्यतः रसवाहिन्यांमधून. वाढत्या शेंड्याच्या अगदी टोकाशी मात्र रसवाहिनीच नसते, कारण तिथल्या पेशी अजून काहीच झालेल्या नसतात. साल नाही, लाकूड नाही, पान नाही. त्या नुसत्या विभागत असतात. एक-दोन दशांश मिलिमीटरचा तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली कापून काचनळीतल्या कोवळ्या रोपावर बसवला, तर त्यातून निरोगी झाड उभं राहू शकतं. मुराशिगे आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात 1972 मध्ये हे करून दाखवलं, आणि 1975 मध्ये नवारो यांनी त्यांच्याच बरोबरीने ही रीत पक्की केली.

माणसाच्या शरीरातल्या ज्या पेशींना आपण मूलपेशी किंवा स्टेम सेल म्हणतो, त्यांच्या जातीच्या पेशी झाडात अशा शेंड्यावर असतात. पानाच्या बगलेतल्या प्रत्येक डोळ्यातही त्यांचा एक झोपलेला पुंजका असतो. मी सकाळी काड्या निवडते ती खरं तर या पुंजक्यांची निवड. काडी गोल हवी, कोवळी तिकोनी नको. डोळा फुगलेला हवा, फुटलेला नको. पानं कापायची, देठ ठेवायचा, आणि काड्या ओल्या पोत्यात गुंडाळायच्या.

साडेआठ

कलम बांधणारे काका शेंदूरजना घाटाकडचे. वरुड तालुक्यातल्या त्या गावाच्या संत्र्याच्या नर्सऱ्या सगळ्यांना ठाऊक आहेत. पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशात, वरुड महाराष्ट्रात, पण संत्र्याने ही हद्द कधी मानली नाही. 1956 च्या आधी आम्ही सगळे नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होतो. 2023 मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, तरी बाजाराच्या आणि कलमांच्या वाटा जुन्याच आहेत.

काकांनी एका रद्द खुंटावर, म्हणजे ज्यावर डोळा बांधायचा तशा रोपावर, चाकू टेकवून पाहिला आणि मान हलवली.

"थंडी लय हाय ताई. साल सुटून नाही राह्यली. उन्ह येऊ द्या जरासं."

पिशव्यांना दोन दिवसांपूर्वी पाणी दिलं होतं, तरी जानेवारीतल्या अशा सकाळी थांबावंच लागतं. या थांबण्यात सगळं शास्त्र आहे. साल आणि लाकूड यांच्यामध्ये पेशींचा एक अतिशय पातळ थर असतो, त्याला कँबियम म्हणतात. झाड म्हातारं झालं तरी हा थर म्हातारा होत नाही; त्यातल्या पेशी विभागत राहतात. आतल्या बाजूला पडलेली पेशी लाकूड होते आणि पाणी वर नेते. बाहेरच्या बाजूला पडलेली पेशी रसवाहिनी होते आणि पानांत तयार झालेली साखर खाली आणते. बुंधा जाड होतो तो या थरामुळे. थर जोमाने विभागत असला की तिथल्या ताज्या पेशींच्या भिंती नाजूक असतात, आणि चाकूच्या टोकाने उचलली की साल अलगद वेगळी होते. थंडीने किंवा तहानेने थर थबकला की साल चिकटून बसते, ओढली तर फाटते. काका साल सुटते का हे बघतात तेव्हा मूलपेशी कामावर आल्या आहेत का हे बघत असतात.

साडेनऊ ते बारा

ऊन पिशव्यांवर आलं आणि साल सुटायला लागली. खुंट जंबेरी लिंबाचा, पेन्सिलीएवढा जाड. जमिनीपासून वीतभराहून थोडं वर काका आडवा काप घेतात, मग त्याच्या मधोमध खाली उभा, साधारण इंचभराचा. चाकूच्या मागच्या हाडाच्या टोकाने सालीच्या दोन्ही कडा उचलतात. आत ओलसर, पांढरट, चकचकीत लाकूड दिसतं. मग डोळकाडी उलटी धरून डोळ्याच्या खालून वर एकाच ओढीत ढालीच्या आकाराची चकती काढायची, देठाला धरून ती कापात सरकवायची, आणि प्लास्टिकची पट्टी खालून वर ताणून गुंडाळायची. डोळा तेवढा उघडा. चकतीच्या आतल्या बाजूला बोट लागता कामा नये, वारा लागायच्या आत पट्टी बसली पाहिजे. काकांचा डावा अंगठा चकती काढण्यापासून पट्टीची गाठ पडेपर्यंत देठावरून हलत नाही. मी शेजारी बसून पट्ट्या देते आणि लेबलं लावते.

पट्टीच्या आत पुढे काय होतं हे लिंबूवर्गीय झाडांच्या बाबतीत 1930 च्या दशकातच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठेवलेलं आहे. पहिल्या 24 तासांत जखमेच्या कडेच्या पेशी विभागायला लागतात. पाचव्या दिवसाच्या सुमाराला दोन्ही बाजूंनी आलेल्या मऊ, बिनआकाराच्या पेशी एकमेकींना भेटतात. या गोळ्याला कॅलस म्हणतात. कॅलसमधली पेशी सालीची नसते, लाकडाची नसते. मग दहा ते पंधरा दिवसांत या बिनआकाराच्या गोळ्यात शिस्त येते. खुंटाचा कँबियम आणि डोळ्याचा कँबियम यांच्या मधल्या रेषेत पडलेल्या पेशी स्वतः कँबियम होतात, आणि दोन थर जोडले जातात. पंधरा ते वीस दिवसांत पहिल्या जलवाहिन्या दिसतात. जोड पुरता लाकडाचा व्हायला महिना ते दीड महिना लागतो.

एका बाजूच्या कॅलसमधल्या सगळ्या पेशींत जनुकं एकच. मग एक पेशी जलवाहिनी का होते आणि तिच्या शेजारची रसवाहिनी का? मला या सगळ्या व्यवसायात सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे: पेशी काय होणार हे ती कुठे आहे आणि शेजारी कोण आहे यावर ठरतं. डोळ्याकडून ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली झिरपतं. ते जिथून वाहतं तिथे वाहिन्या तयार होतात. रसवाहिनीच्या बाजूने बारा अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा येतो. जपानमधल्या संशोधकांनी तो 2006 मध्ये ओळखला. तो कँबियमच्या पेशीला सांगतो की अजून लाकूड होऊ नकोस, विभागत राहा. त्या निरोपापासून दूर गेलेली, ऑक्सिन भरपूर मिळालेली पेशी लाकडाच्या वाटेला लागते. ती भिंती जाड करते, आणि मग स्वतःचा आतला सगळा ऐवज संपवून मरते. पोकळ झाल्याशिवाय तिच्यातून पाणी जाऊच शकत नाही. उलट रसवाहिनीची पेशी जिवंत राहते, पण आपलं केंद्रक सोडून देते. आपल्या रक्तातली तांबडी पेशीही मज्जेतून बाहेर पडण्याआधी केंद्रक टाकून येते. दोन अगदी वेगळ्या जीवांत वाहतुकीच्या पेशीने एकच त्याग करावा याचं मला फार अप्रूप आहे.

म्हणूनच मी काकांना घाई करू देत नाही आणि तेही करत नाहीत. चकती नुसती चिकटवून भागत नाही, कँबियमसमोर कँबियम यावा लागतो. तो आला नाही तर कॅलस होतो, जखम भरते, पण जोड होत नाही. डोळा तपकिरी पडतो.

साडेबारा

जेवणाच्या आधी बिया काढणाऱ्या मावशींच्या घोळक्यात बसते. जंबेरीची फळं याच दिवसांत पिकतात. ती आडवी चिरायची, पण पातं बीला लागू द्यायचं नाही, पिळून बिया काढायच्या, बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवायच्या आणि सावलीत पसरायच्या. लिंबाच्या कुळातलं बी वाळवून ठेवता येत नाही. वाळलं की उगवण गेली. त्यामुळे आज काढलेलं बी दोन-चार दिवसांत गादीवाफ्यावर गेलंच पाहिजे.

एका जंबेरीच्या बीतून दोन, तीन, कधी जास्त रोपं येतात. मावशींना यात काही विशेष वाटत नाही, त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. संत्र्याच्या एका बीत दोन गर्भ असतात हे लेवेनहुकने 1719 मध्ये नोंदवलं. त्यातला एक गर्भ परागापासून झालेला, त्याला आई-बाप दोन्ही. बाकीचे गर्भ बीजांडाच्या भिंतीतल्या पेशींपासून, म्हणजे आईच्याच शरीराच्या साध्या पेशींपासून उठतात. त्या पेशी वाढत्या गर्भाच्या शेजारी असतात आणि स्वतःच गर्भ होतात. वाफ्यावर एकसारखी वाढलेली रोपं बहुतेक अशी, हुबेहूब आईसारखी. त्यांच्यात फार उंच किंवा फार खुजं एखादं दिसलं की आम्ही उपटून टाकतो, कारण ते बहुधा परागाचं असतं आणि त्याचा भरवसा नाही. खुंट एकसारखे असल्याशिवाय बाग एकसारखी होत नाही.

मावशींतल्या एकीने आज विचारलं, "संत्र्याच्या बीचंबी झाड आईसारखंच येते म्हणता, मंग हे कलम कायले बांधाचं?"

प्रश्न अचूक आहे. बुंध्याला डिंक आणणाऱ्या डिंक्या रोगाचा बंदोबस्त हे एक कारण, खुंट जमिनीतल्या बुरशीला थोडा तरी टिकणारा लागतो. पण मोठं कारण वयाचं. संत्र्याचं बी लावलं तर झाड आधी काट्यांचं होतं आणि फळाला सात-आठ वर्षं घेतं. डोळा बांधलेलं झाड चार-पाच वर्षांत फळतं. जनुकं तीच. फरक एवढाच की डोळ्यातल्या मूलपेशी फळणाऱ्या झाडावरून आल्या आहेत आणि आपलं मोठेपण सोबत घेऊन आल्या आहेत. गर्भ होताना मात्र आईच्या पेशीचं वय पुसलं जातं, ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते.

प्राण्यांच्या पेशीचं वय पुसता येईल का, हा प्रश्न सोडवायला माणसाला फार दिवस लागले. जॉन गर्डन यांनी 1962 मध्ये बेडूकमाशाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक रिकाम्या अंड्यात घातलं आणि त्यातून बेडूकमासा वाढला. शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या त्वचेतल्या पेशींत फक्त चार जनुकं घालून त्या पुन्हा कुठल्याही प्रकारच्या होऊ शकतील अशा केल्या. पुढच्या वर्षी माणसाच्या पेशींवरही ते जमलं. 2012 चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. जंबेरी हे काम प्रत्येक फळात करते.

अडीच

डिसेंबरात बांधलेल्या वाफ्यांची पट्टी सोडायची वेळ झाली आहे. हिरवा डोळा म्हणजे धरला. देठाला बोट लावलं की तो टपकन गळून पडतो, ही त्याची खूण. वाळून चिकटून बसलेला देठ म्हणजे डोळा गेला. गेलेल्या खुंटांना दुसऱ्या बाजूने पुन्हा बांधता येतं.

धरलेला डोळा मात्र आपोआप फुटत नाही. खुंटाचा शेंडा वर जिवंत आहे आणि तो खाली ऑक्सिन पाठवत आहे तोवर डोळा झोपूनच राहतो. म्हणून आम्ही डोळ्याच्या वरचा खुंट आधी अर्धवट कापून वाकवतो, आणि डोळा फुटून वीतभर वाढला की पूर्ण काढतो. पहिल्या दिवशीच पूर्ण काढला तर मुळांना साखर पोचवायला पानंच उरत नाहीत. दुपार या वाकवण्यात जाते. खुंटावर खाली फुटलेले जंबेरीचे धुमारेही खुडावे लागतात, नाहीतर जंबेरीच वाढते आणि शेतकऱ्याला तीन वर्षांनी कळतं.

चार वाजता

पांढुर्ण्याकडचे एक शेतकरी बुंध्याच्या सालीचे फोटो घेऊन आले. झाड दहा वर्षांचं, बुंध्याला डिंक, साल काळी पडून सुटलेली. फायटोफ्थोरा बुरशीचं काम. त्यांना विचारलं, "भाऊ, साल सगळ्या बाजूंनी गेली का एका बाजूने?" सगळा निकाल यावर आहे. बुरशी साल आणि कँबियम दोन्ही मारते. एका बाजूला कँबियम जिवंत असेल तर त्याच्या कडेच्या पेशी हळूहळू जखमेवर नवी साल चढवतात. सड कड्यासारखी पूर्ण फिरली असेल तर पानांची साखर मुळांपर्यंत जात नाही, मुळं उपाशी मरतात. लाकूड शाबूत असल्याने पाणी वर जात राहतं, म्हणून झाड काही महिने हिरवंही दिसतं. फोटोत एक तृतीयांश साल धड होती. सडलेला भाग निरोगी सालीपर्यंत खरवडून बोर्डो पेस्ट लावा, बुंध्याशी पाणी साचू देऊ नका, पुढच्या वेळी माती जोडाच्या वर चढवू नका, असं सांगितलं. आम्ही डोळा उंचावर बांधतो तो एवढ्यासाठीच, आणि लोक लागवडीत जोड मातीत गाडतात. हे बघून दर वर्षी जीव तुटतो.

साडेसात

आमच्या घरच्या मामाजींच्या थोरल्या भावाला मागच्या वर्षी लकवा झाला. कोणीतरी त्यांना एका दवाखान्याची जाहिरात दाखवली: स्टेम सेल टोचा, हात चालू होईल, लाखांत खर्च. जेवताना मामाजींनी मला विचारलं, "तू झाडाले डोळा बांधते तं नवीन झाड उभं राह्यते. मंग माणसाले ह्या पेशी टोचल्या तं हात काहून नाही चालनार?"

त्यांना मी सकाळचंच सांगितलं, की पेशी काय होईल हे तिच्या जागेवर ठरतं. आपल्या हाडांतल्या मज्जेत ज्या मूलपेशी आहेत त्या रक्ताच्या. टिल आणि मॅककुलॉक यांनी 1961 मध्ये टोरांटोत उंदरांवर ते दाखवलं: मज्जा मारून टाकलेल्या उंदराला दुसऱ्याच्या मज्जेतल्या पेशी दिल्या, तर प्लीहेत रक्तपेशींचे पुंजके उठतात, पुढे अशा एका पुंजक्याचं मूळ एकाच पेशीत असतं हेही सिद्ध झालं. एका मूलपेशीपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, रक्त गोठवणाऱ्या बिंबिका, सगळं. मूत्रपिंडाकडून निरोप जास्त आला की तांबड्या पेशी वाढतात, म्हणजे तिथेही शेजार आणि निरोप यांचंच राज्य. मज्जा बदलताना या पेशी शिरेतून देतात, तरी त्या आपोआप हाडात जाऊन बसतात, कारण त्यांचं घर तिथे आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1983 मध्ये असं पहिलं प्रत्यारोपण झालं. आमच्या भागात रक्ताच्या ज्या सिकलसेल आजाराने लहान पोरं कण्हत रात्र काढतात, तो या उपायाने बरा होऊ शकतो. मात्र जुळणारा दाता, बहुतेक वेळा सख्खं भावंड, मिळावा लागतो आणि उपचार जोखमीचा आहे.

मेंदूत या पेशींचं घर नाही. तिथे टोचलेल्या मज्जेच्या पेशीला मेंदूची नस हो असं सांगणारं कोणी नाही, आणि झालीच तरी तुटलेल्या हजारो धाग्यांना बरोबर ठिकाणी जोडणारं कोणी नाही. लकव्यावर अशा टोचणीला आपल्याकडे मान्य उपचार म्हणून परवानगी नाही. संशोधन चालू आहे, पण संशोधनात रुग्णाकडून लाखो रुपये घ्यायचे नसतात. मामाजी बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, भावाला फोन कर आणि हेच सांग. मी केला. फिजिओथेरपी सोडू नका, हेही सांगितलं. हात परत शिकतो तो मेंदूतल्या उरलेल्या पेशींनी नवी जोडणी केल्यामुळे, आणि ती जोडणी कष्टानेच होते.

रात्री दहा

शेतीची लाइट या आठवड्यात रात्री आहे. आंबिया बहाराच्या बागेत आज ताण तोडायचा का, म्हणजे फुलांसाठी बंद ठेवलेलं पाणी पुन्हा सोडायचं का, हे ठरवायचं होतं. बॅटरी घेऊन ओळींतून फिरले.

संत्र्याचं पाणी डिसेंबरात बंद करतात ते झाडाला विश्रांती म्हणून, असं बरेच जण समजतात. खरं तर थंडी आणि तहान यांनी शेंड्यांवरच्या आणि डोळ्यांतल्या मूलपेशींचा बेत बदलतो. पुढे पान व्हायचं होतं तिथे फूल होण्याची तयारी सुरू होते. पान करणारा शेंडा पुढे वाढत राहू शकतो. फूल झालेल्या टोकाच्या मूलपेशी त्या फुलातच खर्ची पडतात, त्यातून पुढे फांदी नाही. ताण अर्धवट असताना पाणी सोडलं तर झाड नवतीवर जातं, बाग हिरवीगार दिसते आणि फुलं हाताच्या बोटांवर मोजावीत. ताण लांबवला तर फांद्या सुकून सल होते आणि फूल धरायला झाडात जोर राहत नाही.

मुरमाड बाजूच्या ओळींत पानं दिवसभर मिटलेली होती, खालची काही गळून ओळीत पडली होती. तिथला ताण बसला आहे. त्या ओळींना आज हलकं पाणी सोडलं. शेणखत आणि खताचा पहिला हप्ता आळ्यात पडला आहे, भरपूर पाणी तीन-चार दिवसांनी. खालच्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात मात्र दुपारी मलूल झालेली पानं सकाळी पुन्हा ताठ होतात. तिथली लाइन मी बंद ठेवली आहे. तो पट्टा अजून आठ दिवस तरी थांबेल, आणि मधे पाऊस आला तर हिशोब नव्याने करावा लागेल.